काखेतली गाठ, नऊ महिने आणि ४२ टक्के : ‘ग्रेग विरुद्ध स्कॉट’ प्रकरणाचा अभ्यास

डॉक्टरांचा निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध झाला, तरी रुग्ण खटला हरला. ‘ग्रेग विरुद्ध स्कॉट’ हे इंग्लंडमधलं प्रकरण एवढ्यासाठीच बारकाईने वाचायला हवं. आपल्याकडे ‘चूक सिद्ध केली की भरपाई मिळते’ असा सर्वसाधारण समज आहे. कॅन्सरचं निदान उशिरा झालेल्या प्रकरणांत चूक सिद्ध करणं हे निम्मंच काम असतं. आडवा येतो तो दुसरा प्रश्न : वेळेत निदान झालं असतं तर नेमकं काय वेगळं घडलं असतं?

घडलं काय

नोव्हेंबर १९९४ मध्ये ग्रेग नावाचे एक मध्यमवयीन गृहस्थ डाव्या काखेतली गाठ दाखवायला आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे, डॉ. स्कॉट यांच्याकडे, गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि ही चरबीची साधी गाठ आहे, काही करायची गरज नाही, असं सांगितलं. ना पुढे कुणाकडे पाठवलं, ना ‘अमुक दिवसांनी परत दाखवा’ असं सांगितलं.

पुढच्या वर्षी त्यांचे डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी त्यांना रुग्णालयात पाठवलं, नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्जनने पाहिलं, तुकडा तपासणीला गेला आणि निदान आलं नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. जानेवारी १९९६ मध्ये छातीत असह्य दुखू लागल्याने त्यांना दाखल करावं लागलं. तोवर गाठ काखेतून छातीच्या डाव्या बाजूकडे पसरली होती. केमोथेरपी झाली, मग जास्त मात्रेची केमोथेरपी झाली, मध्ये आजार उलटला, १९९८ मध्ये पुन्हा उलटला.

खालच्या न्यायालयाने तारखांचा हिशेब असा लावला : पहिल्याच भेटीत रुग्णालयाची चिठ्ठी दिली असती तर एप्रिल १९९५ च्या सुमारास निदान होऊन उपचार सुरू झाले असते. प्रत्यक्षात जानेवारी १९९६ उजाडलं. म्हणजे नऊ महिने वाया गेले, आणि पुढचा सगळा वाद याच नऊ महिन्यांभोवती फिरला.

डॉक्टरांची चूक नेमकी कोणती

पहिल्याच दिवशी लिम्फोमा ओळखला नाही, ही चूक धरली गेली नव्हती. बोटांनी चाचपून लिम्फोमा कुणालाच ओळखता येत नाही. फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या गाठींपैकी बहुतेक निरुपद्रवीच असतात, त्यामुळे ‘बहुधा चरबीची गाठ’ हा अंदाजही गैर नव्हता. ‘बहुधा’ला ‘नक्की’ मानून दार बंद केलं, ही चूक ठरली.

जागेचा मुद्दाही इथे महत्त्वाचा आहे. चरबीची गाठ कातडीच्या लगेच खाली असते, मऊ असते, कडेवर बोट दाबलं की निसटते आणि वर्षानुवर्षं जवळजवळ तेवढीच राहते. लिम्फोमाने वाढलेली ग्रंथी हाताला बहुधा रबरासारखी घट्ट लागते, सहसा दुखत नाही आणि काही आठवड्यांत वाढते. पाठीवर किंवा दंडावर असा फरक बऱ्याच वेळा हाताला कळतो. काखेत मात्र चरबी आणि ग्रंथी एकमेकींत मिसळलेल्या असतात, खोलवरची गाठ धड चाचपता येत नाही. म्हणून काख, मान आणि जांघ या तीन जागांवरच्या गाठींना वेगळा नियम लावायचा : संसर्गाचं उघड कारण नसेल आणि चार ते सहा आठवड्यांत गाठ ओसरली नाही, तर सोनोग्राफी आणि तुकडा. १९९४ च्या त्या भेटीत निदान एवढं तरी व्हायला हवं होतं की गाठीचं माप केसपेपरवर लिहावं आणि परत बोलवावं. माप लिहिलेलं नसेल तर पुढच्या वेळी ‘वाढली का?’ या प्रश्नाला उत्तरच नसतं.

आपल्याकडे हेच प्रकरण बऱ्याचदा दुसऱ्या वाटेने जातं, ती वाट म्हणजे टीबी. मानेत किंवा काखेत गाठी, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. टीबी इथे इतका सर्रास आढळतो की डॉक्टरांच्या मनात आधी तोच येतो. एफएनएसी होते, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासतात, अहवालात ‘ग्रॅन्युलोमा’ (दाहामुळे जमलेला पेशींचा पुंजका, टीबीत नेहमी दिसणारा) असा शब्द येतो आणि सहा महिन्यांचं एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होतात. हॉजकिन्स लिम्फोमाच्या गाठीतही ग्रॅन्युलोमा दिसू शकतो, आणि सुईने काढलेल्या सुट्या पेशींत ग्रंथीची मूळ रचना दिसत नाही. लिम्फोमाच्या निदानाला ती रचना लागतेच. त्यामुळे अख्खी ग्रंथी काढून किंवा निदान जाड सुईने तुकडा काढून तपासावा लागतो आणि त्यावर आयएचसी, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणारी खास रंगतपासणी, करावी लागते. बऱ्याच अहवालांत तळाशी बारीक अक्षरात ‘आयएचसी करावी’, ‘मोठा तुकडा पाठवावा’ अशी ओळ असते आणि नेमकी तीच वाचायची राहून जाते. पुढे दावा उभा राहिला तर वकील सगळ्यात आधी ती ओळ शोधतो. त्यातच कुणी बायोप्सीआधी स्टेरॉइड दिलं असेल तर गाठ तात्पुरती आकसते, बरं वाटतं आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात निदान धूसर होतं.

जिंकून हरलेला खटला

खालच्या न्यायालयाने निष्काळजीपणा मान्य केला. मग आला कारणसंबंधाचा प्रश्न, म्हणजे नुकसान त्या चुकीमुळेच झालं का. इंग्लंडमध्ये दिवाणी दाव्यात रुग्णाला ‘नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त’ एवढं सिद्ध करावं लागतं, म्हणजे पारडं ५० टक्क्यांच्या पलीकडे झुकायला हवं. ‘बरं होणं’ याची व्याख्या ठरली दहा वर्षं आजाराविना जगणं. तज्ज्ञांच्या आकडेवारीवरून न्यायाधीशांनी निष्कर्ष काढला की वेळेत उपचार मिळाले असते तर बरं होण्याची शक्यता ४२ टक्के होती, उशीर झाल्यावर ती २५ टक्के उरली.

इथेच दावा बुडाला. ४२ टक्के म्हणजे वेळेत निदान होऊनही बरं न होण्याची शक्यता ५८ टक्के. म्हणजे कायद्याच्या नजरेत हा रुग्ण पहिल्या दिवसापासूनच ‘बरा न होणारा’ होता, मग डॉक्टरांमुळे त्याने गमावलं काय? भरपाई शून्य.

हा हिशेब शंभर माणसांवर मांडला की त्यातला पेच नीट दिसतो. असाच आजार असलेल्या १०० जणांपैकी २५ जण उशीर होऊनही बरे होणार. ५८ जण वेळेत उपचार मिळूनही बरे होणार नाहीत. मधले १७ जण असे की वेळेत निदान झालं तर वाचतील आणि उशीर झाला तर हातचे जातील. डॉक्टरांच्या चुकीचा फटका बसतो तो या १७ जणांना. समोर उभा असलेला फिर्यादी त्या १७ मधला आहे की ५८ मधला, हे मात्र कोणतीच तपासणी सांगू शकत नाही. ५० टक्क्यांचा नियम लावला की सगळ्या १०० जणांना एकच उत्तर मिळतं : काही नाही.

अपील न्यायालयात २००२ मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल रुग्णाच्या विरोधात गेला. मग प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सकडे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाकडे, आलं. २७ जानेवारी २००५ रोजी तिथेही तीन विरुद्ध दोन मतांनी रुग्ण हरला.

पाच न्यायमूर्ती, दोन बाजू

वाट आधीच एका जुन्या निकालाने अडवली होती. १९८७ च्या ‘हॉटसन’ प्रकरणात तेरा वर्षांचा एक मुलगा पडून त्याच्या खुब्याला मार बसला होता आणि रुग्णालयाने निदानात पाच दिवस घालवले होते. वेळेत उपचार झाले असते तरी खुबा निकामी होण्याची शक्यता ७५ टक्के होती. खालच्या न्यायाधीशांनी पूर्ण भरपाई ४६,००० पौंड धरून तिचे २५ टक्के, म्हणजे ११,५०० पौंड दिले होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते काढून घेतले : तो पडला त्याच क्षणी खुब्याचं भवितव्य ठरलं होतं.

ग्रेग प्रकरणात लॉर्ड निकोल्स आणि लॉर्ड होप रुग्णाच्या बाजूने होते. निकोल्स यांचं म्हणणं सरळ होतं : ५५ टक्के आशा गमावणाऱ्याला पूर्ण भरपाई आणि ४५ टक्के गमावणाऱ्याला छदामही नाही, हे तर्काला धरून नाही. रुग्णासाठी दोन्ही नुकसान तितकंच खरं असतं. शिवाय ज्याचा आजार मुळात गंभीर आहे त्याच्या बाबतीत डॉक्टरने कितीही हयगय केली तरी त्याला जबाबदारी उरतच नाही, हाही त्याचा अर्थ निघतो. होप यांनी वेगळी वाट धरली. उशिरामुळे गाठ शरीरात वाढली, हीच शारीरिक इजा. ती सिद्ध झालेली आहे, तर घटलेली शक्यता तिचाच परिणाम म्हणून मोजता येईल.

विरोधात लॉर्ड हॉफमन, लॉर्ड फिलिप्स आणि बॅरोनेस हेल. हॉफमन यांच्या मते आजाराचं पुढे काय होणार हे निसर्गनियमांनी ठरलेलं असतं, आपल्याला ते माहीत नसतं एवढंच, आणि आपल्या अज्ञानाला ‘गमावलेली संधी’ म्हणता येणार नाही. फिलिप्स यांनी आकडेच उलटसुलट तपासले. निकालाच्या वेळी हा रुग्ण जिवंत होता आणि उपचार सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती. दहा वर्षांची रेघ त्याने जवळजवळ गाठली होती, म्हणजे ज्या २५ टक्क्यांवर सगळं भांडण चाललं होतं ते आकडेच या माणसाच्या बाबतीत जुने झाले होते.

सगळ्यात पटण्याजोगा युक्तिवाद हेल यांचा वाटतो, निकाल पटला नाही तरी. त्यांनी विचारलं, टक्क्यांनुसार भरपाई द्यायची तर ती दोन्ही बाजूंना लागू करायची का? आज ७० टक्के शक्यता सिद्ध करणाऱ्या रुग्णाला पूर्ण १०० टक्के भरपाई मिळते. नवा नियम आला तर त्याला ७० टक्केच मिळायला हवेत. रुग्णाची बाजू जड असेल तेव्हा पूर्ण आणि हलकी असेल तेव्हा टक्क्यांनी, असं दोन्हीकडून जमणार नाही. आणि तसं केलं तर प्रत्येक वैयक्तिक इजेच्या दाव्यात आकडेशास्त्राचे तज्ज्ञ आणावे लागतील.

हेल यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आणि वकिलांच्या कामाची गोष्ट तीच आहे. उशिरामुळे झालेल्या जास्तीच्या वेदना, आर्थिक नुकसान, घटलेलं आयुर्मान यांची भरपाई नेहमीच्या नियमांत बसतेच, फक्त ती तशी मागायला आणि सिद्ध करायला हवी. या खटल्याची इमारत मुख्यतः ‘बरं होण्याची गमावलेली संधी’ या एकाच खांबावर उभी होती, तो खांब पडला आणि सगळंच खाली आलं. छातीत गाठ पसरल्याने झालेली वेदना, वाढलेला उपचार, बुडालेला रोजगार या गोष्टी ५० टक्क्यांचा उंबरठा बऱ्याचदा सहज ओलांडतात. अशा दाव्यात त्यांना पहिलं स्थान द्यावं आणि ‘जीव वाचला असता’ हे शेवटी मांडावं. आपल्याकडचे बहुतेक तक्रारअर्ज उलट्या क्रमाने लिहिलेले असतात.

दुसरीकडे काय केलं

अमेरिकेत याच पेचाला वेगळं उत्तर मिळालं. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या ‘हर्स्कोविट्स’ प्रकरणात फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाची जगण्याची शक्यता उशिरामुळे ३९ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली, एवढ्यावर दावा चालू दिला. मॅसॅच्युसेट्सने २००८ मध्ये ‘मात्सुयामा’ प्रकरणात हिशेबाची पद्धतच घालून दिली. जठराच्या कॅन्सरचा रुग्ण, वेळेत निदान झालं असतं तर वाचण्याची शक्यता ३७.५ टक्के. मृत्यूची पूर्ण भरपाई ८,७५,००० डॉलर धरली आणि तिचे ३७.५ टक्के म्हणजे ३,२८,१२५ डॉलर दिले. ऑस्ट्रेलियाने मात्र २०१० मध्ये मेंदूच्या गाठीच्या प्रकरणात इंग्लंडचीच री ओढली.

निदान उलट दिशेने चुकलं असेल, म्हणजे कॅन्सर नसताना ‘आहे’ म्हटलं असेल, तर हे टक्क्यांचं गणित लागतच नाही. केरळमध्ये २०१९ साली खासगी प्रयोगशाळेच्या अहवालावरून एका महिलेला केमोथेरपी सुरू झाली आणि नंतर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्याच प्रयोगशाळेने कॅन्सर नसल्याचं सांगितलं. तिथे केमोने झालेला प्रत्येक त्रास थेट चुकीला जोडता येतो. वाद फक्त एवढाच उरतो की जबाबदार प्रयोगशाळा, की दुसऱ्या अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करणारे डॉक्टर.

हेच प्रकरण महाराष्ट्रात घडलं असतं तर

दावा बहुधा ग्राहक आयोगात गेला असता. १९९५ च्या ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता’ निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. सगळ्यांना पूर्ण मोफत सेवा देणारी रुग्णालयं येत नाहीत. २०१९ च्या कायद्याखाली सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. इथे मोजलेली रक्कम पाहतात, मागितलेली भरपाई नाही. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

डॉक्टरांनी काय करायला हवं होतं, याचं माप सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालात घालून दिलं : त्याच पात्रतेच्या सर्वसाधारण डॉक्टरने काय केलं असतं? त्या प्रकरणातला रुग्णही कॅन्सरचाच होता, शेवटच्या टप्प्यातला, आणि आरोप होता ऑक्सिजनचं सिलिंडर रिकामं असल्याचा. फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढळढळीत असायला हवा आणि आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यायला हवं, असं तिथे ठरलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. उशिरा झालेल्या निदानात पोलिसांकडे धाव घेऊन क्वचितच काही साधतं. वर्षं जातात आणि दिवाणी मुदत मध्येच संपते.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार केल्याच्या हैदराबादच्या प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट सांगितलं. पण लिम्फोमाच्या दाव्यात तज्ज्ञाविना जाणं धाडसाचं. आणि तज्ज्ञाला ‘डॉक्टर चुकले का?’ एवढंच विचारून भागत नाही. विचारायचं ते असं : पहिल्या भेटीच्या तारखेला आजार कोणत्या टप्प्यात असावा आणि कशावरून? निदानाच्या दिवशी कोणत्या टप्प्यात होता? पहिल्या टप्प्यात कोणते उपचार, केमोच्या किती सायकल (फेऱ्या), किती खर्च; प्रत्यक्षात किती? उशिरामुळे कोणती शस्त्रक्रिया, कोणती वेदना, किती दिवसांचं काम बुडालं? टक्क्यांचा प्रश्न सगळ्यात शेवटी.

या उत्तरांना आधार लागतो तो पॅराफिन ब्लॉकचा, म्हणजे मेणात बसवून जपलेल्या बायोप्सीच्या तुकड्याचा. अहवालाचा कागद हा कुणाचं तरी मत असतो. ब्लॉकमधून मात्र नव्या स्लाइड कापून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला स्वतः पाहता येतं. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरचे ब्लॉक आणि स्लाइड पुन्हा तपासून मिळतात. ब्लॉक घेताना प्रयोगशाळेकडून क्रमांक आणि तारीख लिहिलेली पोच घ्यावी, उन्हात गाडीत ठेवू नये, मेण वितळतं. पहिल्या एफएनएसीच्या स्लाइडही मागाव्यात. नंतर ‘त्यात आधीच दिसत होतं’ असं निघालं तर उशिराची तारीख अनेक महिने मागे सरकते.

केसपेपरची प्रत मागण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. छोट्या दवाखान्यात बाह्यरुग्णाची नोंद अनेकदा रुग्णाच्याच हातातल्या चिठ्ठीवर असते. ती हरवली तर पहिली भेट झाली हेच सिद्ध करणं अवघड होतं. अशा वेळी औषधाच्या दुकानाचं बिल किंवा ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद उपयोगी पडते.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, आणि ती केव्हापासून मोजायची यावर गोव्यातल्या एका सरकारी परिचारिकेचं प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९९३ मध्ये मुंबईत तिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, पोटात राहिलेला कापडाचा बोळा २००२ मध्ये सापडला, तक्रार २००४ मध्ये दाखल झाली. बोळा सापडल्यापासून मोजलं तर मुदत पाळलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की लपलेल्या दोषाच्या बाबतीत तो कळल्याच्या दिवसापासून मुदत मोजता येते, पण इतकी वर्षं पोटात दुखत असताना परिचारिका असलेल्या बाईने तपास करायला हवा होता. तक्रार मुदतबाह्य ठरली. लिम्फोमाच्या रुग्णाने म्हणून निदानाचा पक्का अहवाल हाती आला ती तारीख धरावी आणि केमोचे सायकल संपण्याची वाट न पाहता तिथून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल करावा. भरपाईचे आकडे नंतर दुरुस्ती अर्जाने वाढवण्याची परवानगी मागता येते.